एक्स्टर्नल हार्ड डिस्कचा दिवा लागतो, पण डिस्क दिसत नाही, तेव्हा

मे महिना लागला की माझे फोन वाढतात. लग्नसराई ऐन भरात असते, शूटिंगवाल्यांच्या बॅगा भरलेल्या असतात आणि पलीकडचा आवाज घाबरलेला असतो. "भाऊ, हार्ड डिस्क लावून पाहून राहिलो, दिवा लागून राहिला, पण दिसूनच नाही राहिली." मी नागपुरात सक्करदऱ्याला घरातल्याच एका खोलीत लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो. वर्षभर माझ्या टेबलावर दुसऱ्यांच्या एक्स्टर्नल डिस्क येत-जात असतात. हे दुखणं इतक्या रूपांत पाहिलंय, की आता फोनवर दोन-चार प्रश्न विचारले तरी अंदाज येतो. बऱ्याच डिस्क पुन्हा सुरू होतात. ज्या हातच्या गेल्या, त्यांतल्या काहींचा घात घाईघाईने केलेल्या उपायांनी झाला. तो टळावा म्हणून हे लिहून काढतोय.

सगळ्यात आधी एक पथ्य. डेटा दुसरीकडे उतरेपर्यंत त्या डिस्कवर काहीही लिहायचं नाही. फॉरमॅट मारायचं नाही, इनिशियलाइज करायचं नाही, एरर दुरुस्त करणारा चेकडिस्क चालवायचा नाही, आणि रिकव्हरीचं सॉफ्टवेअर डाउनलोड करून त्याच डिस्कवर ठेवायचं नाही. विंडोज समोर चौकट आणून विचारतं, "ही डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करावी लागेल, करायची का?" त्या चौकटीत कॅन्सल दाबा. ती दहा वेळा आली तर दहा वेळा कॅन्सल दाबा. कॅन्सल दाबल्याने काहीच बिघडत नाही.

आधी आवाज ऐका

डिस्क टेबलावर सपाट ठेवा, वायर लावा आणि झाकणावर एक बोट हलकेच टेकवा. खोलीतला पंखा-कूलर मिनिटभर बंद करा. साध्या अडीच इंची पोर्टेबल डिस्कची तब्येत बरी असेल तर बोटाला बारीक थरथर जाणवते, एकदा हलका "टिक" ऐकू येतो आणि मग एकसुरी घरघर सुरू राहते. एवढं जुळलं तर धीर धरा. आतली तबकडी फिरतेय, म्हणजे दोष बहुतेक बाहेरचा किंवा फाइल सिस्टिमचा, म्हणजे डिस्कवरच्या फाइलींच्या मांडणीचा आहे, आणि या दोन्हींवर उपाय आहेत.

काहीच थरथर नसेल, नुसता दिवा लागत असेल, तर खालचा वायर-विजेचा भाग नीट वाचा. बारीक "टूं… टूं…" असा, फोनच्या बीपसारखा आवाज येत असेल तर मोटर फिरायचा प्रयत्न करतेय पण तिला जमत नाहीये. वीज कमी पडत असेल किंवा आतला डेटा वाचणारा हेड तबकडीला चिकटला असेल. पोर्ट आणि वायर एकदा बदलून पाहा. तरी तोच आवाज आला तर थांबा.

आणि ठरावीक अंतराने "टक्… टक्… टक्…" येत असेल, तर हे वाचणंही बाजूला ठेवा आणि वायर काढा. हेडला आपली जागा सापडत नाहीये, तो पुन्हा पुन्हा जाऊन परत येतोय. हेड तबकडीपासून काही नॅनोमीटरवर तरंगत असतो. माणसाचा केस त्या फटीच्या हजारो पट जाड. अशा अवस्थेत डिस्क चालू ठेवली तर प्रत्येक फेरीला तबकडीवरचा थर खरवडला जाऊ शकतो, आणि त्या थरावरच तुमचा डेटा असतो. ही डिस्क घरी दुरुस्त होत नाही. तिला धूळमुक्त खोली असलेल्या डेटा रिकव्हरी लॅबकडेच न्यायचं. रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवायचा सल्ला अजूनही कुणी ना कुणी देतं. तो ऐकू नका. बाहेर काढल्यावर आत दव धरतं आणि उरलीसुरली आशा जाते. आपल्याकडे जुलैच्या दमट हवेत तर हमखास.

दिवा लागतो, म्हणजे काय?

दिवा लागण्यावर फार भरवसा ठेवू नका. त्या चिमुकल्या एलईडीला नावापुरता करंट पुरतो. दिवा लागला म्हणजे ५ व्होल्ट कुठूनतरी आत पोहोचलेत, एवढाच त्याचा अर्थ. तबकडी फिरवायला खरा जोर लागतो, आणि सर्वांत जास्त जोर लागतो तो पहिल्या एक-दोन सेकंदांत, थांबलेली मोटर हलवताना. यूएसबी २.० च्या नियमाप्रमाणे पोर्टने ५०० मिलिअँपिअर द्यायचे असतात, यूएसबी ३.० ने ९००. जुन्या कॉम्प्युटरचा पोर्ट, त्यात कॅबिनेटच्या पुढच्या बाजूचा, जिथे मदरबोर्डपासून बारीक वायर ओढून आणलेली असते, त्यात वर एक्स्टेन्शन वायर किंवा वीज नसलेला हब, अशी साखळी झाली की पोचेपर्यंत दम संपतो. दिवा लागतो, मोटर अर्धवट फिरून थांबते.

म्हणून पहिला उपाय अगदी साधा: हब काढा, एक्स्टेन्शन काढा, डेस्कटॉप असेल तर कॅबिनेटच्या मागच्या पोर्टला थेट लावा. लॅपटॉप असेल तर चार्जर लावून दुसऱ्या बाजूचा पोर्ट वापरून पाहा. नाहीच झालं तर दुसऱ्या कॉम्प्युटरवर पाहा. एवढ्यानेच काम झालेल्या डिस्क मी मोजायच्या सोडून दिल्या आहेत.

दुसरा उपाय वायर बदलण्याचा. पोर्टेबल डिस्कची ती चपटी, एका बाजूला मोठी आणि एका बाजूला लहान अशी दोन भागांची पिन असते ना, तीच सगळ्यात आधी सैल होते. पिशवीत डिस्क वायरीसकट कोंबली की पिनेवर ताण येतो, आणि महिन्याभरात "थोडी तिरपी धरली की चालते" अशी अवस्था. तिरपी धरून फाइल कॉपी करू नका. मध्येच संपर्क तुटला तर फाइल सिस्टिम बिघडते आणि साधं दुखणं मोठं होतं. तशी दुसरी वायर लगेच मिळाली नाही तर एक युक्ती आहे. त्या खाचेच्या मोठ्या भागात जुन्या मोबाइलची मायक्रो यूएसबी वायर व्यवस्थित बसते. वेग यूएसबी २.० चा मिळेल, पण डिस्क दिसली तर दोष वायरीत होता हे कळतं. फक्त ती वायर डेटाची हवी. नुसत्या चार्जिंगच्या वायरीही बाजारात भरपूर आहेत आणि त्या माणसाला उगाच चकवतात. नवी वायर घ्यायला सीताबर्डीला मोदी नंबरच्या गल्ल्यांत गेलात तर डिस्क सोबत न्या आणि पिन तिथेच लावून, हलवून पाहून घ्या. लांब वायर घेऊ नका. जितकी लांब, तितकी वीज वाटेत गळते.

मोठी, साडेतीन इंची डिस्क वेगळी. तिला १२ व्होल्टचा स्वतःचा ॲडॅप्टर लागतो आणि ॲडॅप्टर जुना झाला की दिवा लावण्यापुरता जिवंत राहतो. दुसरा लावून पाहायचा असेल तर व्होल्ट अगदी तेच हवेत, अँपिअर तितके किंवा जास्त. सेट-टॉप बॉक्सचा किंवा राउटरचा ॲडॅप्टर पिन बसते म्हणून लावू नका.

इथवर येऊन यश आलं नाही की काही जण डबा फोडून आतली डिस्क थेट कॉम्प्युटरला लावायला निघतात. काही डब्यांत हे चालतं. यूएसबीची छोटी सर्किटची पट्टी वेगळी असते, ती जळलेली असते आणि डिस्क ठणठणीत. पण अनेक पोर्टेबल डिस्कमध्ये यूएसबीची खाच डिस्कच्या सर्किटवरच जोडलेली असते, दुसरी कुठली पिन नसतेच. काहींमध्ये तीच चिप सगळा डेटा सांकेतिक करून लिहिते, तुम्ही पासवर्ड ठेवला असो वा नसो. तिथे डबा फोडून वॉरंटी जाते आणि हाती काही लागत नाही. आणखी एक फसगत पाहिली आहे: मोठ्या डिस्कच्या डब्यातली पट्टी कधीकधी सेक्टरचा, म्हणजे डेटाच्या लहान कप्प्यांचा हिशोब बदलून दाखवते, म्हणून डब्याबाहेर काढलेली धडधाकट डिस्क विंडोजला कोरी किंवा रॉ, म्हणजे वाचता न येणारी वाटते. तिला परत तशाच डब्यात घातली की सगळं दिसतं.

डिस्क मॅनेजमेंटमधली ओळ

डिस्क फिरतेय, पण धिस पीसीमध्ये नाही. आता स्टार्टवर राइट क्लिक करून डिस्क मॅनेजमेंट उघडा. ते उघडायला वेळ घेतं, मिनिटभर वाट पाहा. खालच्या भागात प्रत्येक डिस्कची एक आडवी पट्टी असते. तिथे माझी नजर आधी आकड्याकडे जाते. १ टीबीची डिस्क ९३१ जीबी दिसायला हवी. कंपनी दशमानात मोजते, विंडोज १०२४ च्या पटीत, म्हणून फरक दिसतो, काही चोरीला गेलेलं नसतं. आकडा बरोबर असेल तर डिस्कचा मेंदू शुद्धीवर आहे. "नो मीडिया" दिसत असेल किंवा आकडा भलताच असेल, तर यूएसबीची पट्टी बोलतेय पण मागची डिस्क उत्तर देत नाहीये. मग सॉफ्टवेअरचे प्रयोग थांबवा.

डिस्क मॅनेजमेंटच्या पट्टीवर हेल्दी लिहिलंय आणि फक्त ड्राइव्हचं अक्षर तेवढं दिसत नाही, तर त्या पट्टीवर राइट क्लिक करून ड्राइव्ह लेटर द्या. ऑफिसांत हे फार होतं, कारण सर्व्हरच्या शेअर फोल्डरने तेच अक्षर आधी घेऊन ठेवलेलं असतं. मी एम किंवा पी असं मागचं अक्षर देतो, मग टक्कर होत नाही. ऑफलाइन लिहिलं असेल तर राइट क्लिक करून ऑनलाइन करता येतं. मात्र ती दुसऱ्या डिस्कची हुबेहूब प्रत असेल तर थांबा. एकाच ओळखीच्या दोन डिस्क दिसल्या की विंडोज एकीला मुद्दाम ऑफलाइन ठेवतं. अशा वेळी एकच डिस्क लावून ठेवा.

अनअलोकेटेड म्हणजे विभागणीचा तक्ता हरवलाय. "नॉट इनिशियलाइज्ड" आणि सोबत एमबीआर की जीपीटी (तक्त्याचे दोन प्रकार) विचारणारी चौकट आली तर कॅन्सल. आणि रॉ म्हणजे जागा आहे, पण त्यातली मांडणी विंडोजला वाचता येत नाही. मॅकवर एपीएफएसमध्ये किंवा लिनक्सवर एक्स्ट४ मध्ये तयार केलेली डिस्कही विंडोज वाचत नाही, आणि तिच्यात बिघाड काहीच नसतो. म्हणून डिस्क कुणाकडून आली, शेवटी कशाला लावली होती, हे आधी विचारा. आजकाल उत्तर पुष्कळदा "टीव्हीला लावली होती" असं येतं.

महालातल्या बाईंची डिस्क

रॉचं प्रकरण एका उदाहरणाने सांगतो, कारण त्यात योग्य क्रम दिसतो. महाल भागातल्या एक निवृत्त शिक्षिका १ टीबीची डिस्क घेऊन आल्या. त्यांच्या वडिलांनी खंजिरीवर म्हटलेली राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची भजनं जुन्या कॅसेटवरून उतरवून त्यांनी डिस्कवर ठेवली होती. कॅसेट नंतर बुरशीने गेल्या. डिस्क टीव्हीला लावलेली असताना वादळ आलं, लाइन गेली, परत आली, आणि तेव्हापासून डिस्क उघडत नव्हती. एका दुकानात त्यांना सांगितलं होतं, "फॉरमॅट मारावं लागेल, डेटा गेला समजा." त्या म्हणाल्या, "मी काहीच केलं नाही बापा, वायर काढून रुमालात गुंडाळून ठेवली." त्यांनी केलं ते अगदी बरोबर होतं, हे मी त्यांना तिथेच सांगितलं.

आवाज बरा होता. डिस्क मॅनेजमेंटमध्ये ९३१ जीबी, रॉ. मग क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं मोफत सॉफ्टवेअर उघडलं. ते डिस्कने स्वतःच्या तब्येतीची ठेवलेली नोंद वाचतं, डिस्कवर लिहीत नाही. त्यात तीन ओळी बघायच्या: ०५ म्हणजे बदललेले सेक्टर, सी५ म्हणजे वाचता न आलेले, निकालाच्या प्रतीक्षेतले सेक्टर, आणि सी६ म्हणजे हात टेकलेले. बाईंच्या डिस्कवर सी५ समोर ८ होते, आणि वर पिवळ्या रंगात कॉशन. आठ हा आकडा ओळखीचा आहे. आजच्या डिस्कवर एक खरा सेक्टर ४,०९६ बाइटचा असतो आणि तो ५१२ बाइटच्या आठ सेक्टरांसारखा मोजला जातो. म्हणजे सगळ्या डिस्कवर बहुधा एकच ठिपका मेला होता, पण तो नेमका कुठे, हा प्रश्न होता.

इथे चेकडिस्क चालवायचा मोह होतो. रॉ डिस्कवर तो नकार देतो ते बरंच आहे. ज्या डिस्कवर तो चालतो, तिथेही अशा अवस्थेत तो चालवू नये. तो मांडणी सरळ करायला बघतो, तुमच्या फाइली वाचवणं हे त्याचं काम नाही. जुळत नसलेल्या नोंदी तो तोडून वेगळ्या फोल्डरमध्ये टाकतो, आणि मग भजनांच्या नावांऐवजी नुसते नंबर हाती येतात.

मी आधी पूर्ण प्रत काढली. लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून कॉम्प्युटर सुरू केला आणि डीडीरेस्क्यू वापरलं. ते डिस्क माउंट न करता, म्हणजे तिच्यातल्या फाइली न उघडता, सुरुवातीपासून शेवटपर्यंत सेक्टर जसेच्या तसे नव्या डिस्कवर उतरवतं. अडलं की तिथे डोकं आपटत न बसता पुढे जातं, चांगला भाग आधी पदरात पाडतं आणि अडलेल्या जागांवर शेवटी येतं. सोबत नोंदीची एक फाइल ठेवायची, म्हणजे मध्ये लाइन गेली तरी तिथून पुढे सुरू करता येतं. यात घातक चूक एकच: जुनी आणि नवी डिस्क यांची अदलाबदल. कोरी डिस्क जुनीवर उतरली की संपलं. मी दोन्ही डिस्कवर कागदाच्या चिठ्ठ्या चिकटवतो, एकीवर "जुनी", एकीवर "नवी", आणि स्क्रीनवरचा सिरियल नंबर डिस्कवरच्या स्टिकरशी बोट ठेवून ताडतो. एकदा ताडल्यावर चहा घेऊन येतो आणि पुन्हा ताडतो. मगच एंटर. १ टीबीला सेकंदाला सरासरी १०० एमबीचा वेग मिळाला तर पावणेतीन तास लागतात, तबकडीच्या आतल्या बाजूला वेग पडतो म्हणून चार धरून चला. वेग केबीवर आला आणि डिस्क टकटकायला लागली तर तिथेच थांबवून लॅबचा रस्ता धरायचा.

बाईंची प्रत संध्याकाळी पूर्ण झाली. न वाचता आलेला भाग फक्त ४,०९६ बाइट, आणि तोही पार्टिशनच्या, म्हणजे डिस्कवरच्या विभागाच्या, अगदी सुरुवातीला. विंडोजच्या एनटीएफएस या फाइल सिस्टिममध्ये तिथे बूट सेक्टर असतो, घराच्या दारावरच्या पाटीसारखा. पाटी गेली म्हणून विंडोजला घर ओळखू येत नव्हतं. पण एनटीएफएस या पाटीची एक नक्कल पार्टिशनच्या शेवटच्या सेक्टरमध्ये ठेवतं. जुनी डिस्क काढून ठेवली, नवी प्रत लावली आणि बिघडलेली मांडणी दुरुस्त करणारं टेस्टडिस्क उघडलं. त्यात ॲडव्हान्स्डमधून बूटमध्ये गेलं की दोन ओळी दिसतात. बूट सेक्टर: बॅड. बॅकअप बूट सेक्टर: ओके. "बॅकअप बीएस" निवडलं, होय म्हटलं, कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला. डिस्क धिस पीसीमध्ये हजर, फोल्डर जसेच्या तसे. बाईंनी सुनेच्या मोबाइलवरून पहिली फाइल मागवली आणि खंजिरीचा ठेका ऐकूनच रिक्षात बसल्या.

हे सगळं प्रतीवर केलं, म्हणून निवांत करता आलं. टेस्टडिस्कमध्ये चूक झाली असती तर मूळ डिस्क तशीच होती, पुन्हा प्रत काढली असती. टेस्टडिस्क आणि त्याच्यासोबत येणारं फोटोरेक, दोन्ही मोफत आहेत. फोटोरेक मांडणीकडे बघतच नाही, फाइलींची सुरुवात ओळखून त्या उपसून काढतं. फोटो येतात, पण नावं आणि फोल्डर जातात. म्हणून ते शेवटी.

मॅक आणि लिनक्सबद्दल थोडक्यात

आमच्या धंद्यात कॅमेरावाल्याकडे मॅक, एडिटरकडे विंडोज, म्हणून बहुतेक डिस्क एक्सफॅटमध्ये असतात. एक्सफॅट दोन्हीकडे चालतं, पण एनटीएफएससारखी बदलांची आगाऊ नोंद ते ठेवत नाही, त्यामुळे न सांगता वायर ओढली की लवकर बिघडतं. अशी डिस्क मॅकला लावली की ती डिस्क युटिलिटीत करड्या रंगात दिसते, पण माउंट होत नाही. मॅक मागे गुपचूप तिची तपासणी करत असतो. मोठ्या डिस्कला तासभरही लागू शकतो. ॲक्टिव्हिटी मॉनिटरमध्ये एफएससीके नावाने सुरू होणारी प्रक्रिया दिसली तर तिचं काम होऊ द्या. डिस्क युटिलिटीच्या व्ह्यूमध्ये "शो ऑल डिव्हायसेस" करून ठेवा, नाहीतर डिस्क असूनही दिसत नाही. मॅकला एनटीएफएस वाचता येतं, लिहिता येत नाही, तो बिघाड नाही.

लिनक्सवर एनटीएफएस डिस्क अडली तर बहुतेक वेळा विंडोजने ती नीट मिटलेली नसते. २०२१ मध्ये कर्नल (लिनक्सचा गाभा) ५.१५ सोबत आलेला एनटीएफएस३ ड्रायव्हर अशी डिस्क जबरदस्ती केल्याशिवाय माउंट करत नाही. जबरदस्ती करू नका. डिस्क विंडोजला लावा, डेटा उतरवून तपासणी करा, नीट इजेक्ट करा.

तेच तेच पुन्हा होतंय?

एकदा अडली आणि सुटली, हे ठीक. दर आठवड्याला तेच होत असेल तर कारण सापडेपर्यंत चैन पडू देऊ नका. माझा सगळ्यात आवडता पुरावा विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये असतो. विंडोज लॉग्जमध्ये सिस्टिम उघडा आणि सोर्स डिस्क आणि एनटीएफएसने गाळा. नोंद १५७ म्हणजे डिस्क न सांगता निघून गेली. १५३ म्हणजे वाचायला पुन्हा प्रयत्न करावा लागला. ७ म्हणजे खराब ब्लॉक. एनटीएफएसची ५५ म्हणजे फाइल सिस्टिममध्येच घोळ. नुसत्या १५७ असतील तर वायर, वीज, पोर्ट यांच्या मागे लागा. ७ आणि १५३ दिसत असतील तर डिस्क थकलीय, आजच प्रत काढा.

धंतोलीतल्या एका अकाउंटंटच्या ऑफिसात साडेतीन इंची डिस्क दुपारी गायब व्हायची. तिथल्या ताईंनी तीन वायरी बदलल्या होत्या. मी लॉग उघडला. फेब्रुवारी-मार्च स्वच्छ. एप्रिलच्या मध्यापासून १५७ च्या नोंदी, आणि सगळ्या जेवणाच्या सुट्टीच्या आसपास. उठून पाहिलं तर डिस्कचा ॲडॅप्टर आणि डेझर्ट कूलर एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर, आणि बोर्डाचं सॉकेट सैल. जेवायला जाताना कूलर बंद, आल्यावर सुरू. मोटर ओढ घ्यायची, सॉकेटमध्ये बारीक ठिणगी पडायची आणि डिस्कची वीज क्षणभर तुटायची. ट्यूबलाइटही त्याच वेळी मिचकायची, पण तिच्याकडे कोण बघतं. ॲडॅप्टर यूपीएसवर हलवला, बोर्ड फेकायला लावला. त्यानंतर १५७ आली नाही. एव्हाना ५५ च्या दोन नोंदी पडल्या होत्या, म्हणून आधी सगळा डेटा उतरवला आणि मगच तिच्यावर चेकडिस्क चालवला.

आपल्या गावच्या उन्हाचाही यात वाटा आहे. पोर्टेबल डिस्कच्या माहितीपत्रकात चालवताना भोवतालचं तापमान साधारण ५ ते ३५ अंश असावं असं छापलेलं असतं. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो आणि स्कूटीच्या डिक्कीत त्याहून भट्टी. तिथून काढलेली डिस्क लगेच लावू नका, घरात तासभर पडू द्या. क्रिस्टलडिस्कइन्फो तापमान दाखवतं. ते ५० च्या वर गेलं की मी कॉपी थांबवतो. गार करायचं म्हणून कूलरच्या झोतासमोरही ठेवू नका. ती हवा ओली असते, पिनांवर हिरवट डाग धरतो आणि पुढच्या उन्हाळ्यात संपर्क जातो. साधा पंखा पुरतो.

लॅपटॉप झोपेतून उठल्यावर डिस्क दिसत नसेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी रूट हबच्या पॉवर मॅनेजमेंटमधली, वीज वाचवायला हे उपकरण बंद करू देणारी खूण काढा. आणि पॉवर ऑप्शनमध्ये यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद करा. एकच डिस्क दोन कॉम्प्युटरवर फिरत असेल तर फास्ट स्टार्टअपही बंद करा. ते सुरू असताना शटडाउन म्हणजे पूर्ण बंद नसतं, विंडोज डिस्कची जुनी स्थिती मनात धरून झोपतं. मध्ये दुसऱ्याने तिच्यावर काही लिहिलं की उठल्यावर गोंधळ. इजेक्ट करायचा कंटाळा करू नका. २०१८ च्या अपडेटपासून विंडोज १० मध्ये झटपट काढता येण्याची सोय आपोआप लागू असते हे खरं, पण एडिटिंगचं सॉफ्टवेअर मागे कॅश, म्हणजे तात्पुरत्या फाइली लिहीत असेल तर ती सोय कामाची नाही. "डिव्हाइस वापरात आहे" असं आलं तर सॉफ्टवेअर बंद करा, तरी सुटलं नाही तर कॉम्प्युटर बंद करून मग वायर काढा.

लॅबकडे न्यायची वेळ आली तर डिस्क अँटिस्टॅटिक पिशवीत, बबल रॅपमध्ये गुंडाळून, वायर वेगळी काढून न्या. दोन-तीन दुकानांत आधी उघडून दाखवू नका. धुळीत उघडलेली डिस्क लॅबलाही जड जाते. डेटा मिळाला नाही तर पैसे किती, आणि मिळणाऱ्या फाइलींची यादी आधी दाखवणार का, हे विचारून घ्या. आणि डिस्कला एक चिठ्ठी चिकटवा: शेवटची नीट कधी चालली, कशाला लावली होती, पडली का, आवाज कसा येतो, फाइल सिस्टिम कोणती, कोणतं फोल्डर सगळ्यात आधी हवं. आणि आत्तापर्यंत तिच्यावर काय-काय करून झालंय ते खरंखरं लिहा, फॉरमॅट मारलं असेल तर तेही.